परसदार : गोगलगाय आणि पोटात पाय



मागच्या दिवाळी अंकात याच पानावर आपण कुंडीतला कढीपत्ता ह्यूस्टनच्या थंडीतून कसा वाचवायचा ते पाहिलं. त्यानंतर वर्षभर कढीपत्त्याबद्दल विचारणा होईल असं वाटलं होतं. पण यंदाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची वाटी हातात पडायच्या आत तिघीजणींनी मला आपापल्या फोनवरचा फोटो दाखवला, आणि तिन्ही फोटो जवळजवळ सारखेच होते. सबडिव्हिजनमागच्या तळ्याची काँक्रीटची कड, आणि तिच्यावर पाण्यापासून हातभर उंचीवर चिकटलेला गडद गुलाबी, दाणेदार गोळा.

"ताई, हे काय आहे? पोरांनी च्युइंगम चिकटवलंय म्हणावं, तर एवढं?"

च्युइंगम नाही. ती अंडी आहेत, एका गोळ्यात दीड-दोन हजार. घालणारी बाई म्हणजे ॲपल स्नेल, मोसंबीएवढी होणारी गोड्या पाण्यातली गोगलगाय. शास्त्रीय नाव पोमेशिया मॅक्युलाटा. माहेर दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिनापासून ब्राझीलपर्यंतचं. म्हणजे तीही आपल्यासारखीच बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेली. फरक इतकाच, की तिला कोणी व्हिसा दिला नव्हता.

यंदाचं 'परसदार' तिच्यावर लिहायचं ठरवलं. त्यात थोडा माझा कबुलीजबाबही आहे. तो पुढे येईलच.

ओळखीची चुलत बहीण

आपल्या मंडळात ज्यांनी भारतात बारावीला किंवा बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं, त्यांना ही बाई अगदीच परकी नाही. आठवतोय का 'पायला ग्लोबोसा'? फॉर्मॅलिनच्या वासाची ती प्रयोगशाळा, मेणाचा ट्रे, टाचण्या आणि त्यात मांडलेली गोगलगाय. तिच्या जिभेवरच्या दातांची पट्टी, रॅड्युला, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावी लागे. आपल्याकडच्या तळ्यात आणि भातखाचरात सापडणारी ती पायला आणि ही पोमेशिया एकाच कुळातल्या.

दोघींची शरीररचना बरीचशी सारखी. दोघींना पाण्यात श्वास घ्यायला कल्ला आहे आणि हवेत श्वास घ्यायला फुप्फुसासारखी पिशवीही आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, की पोमेशिया पाण्याखालीच बसून सोंडेसारखी नळी वर काढते आणि हवा ओढून घेते. शंखाच्या तोंडाला झाकण असतं. पायलाचं झाकण चुनखडीसारखं टणक, तर पोमेशियाचं शिंगासारखं, जरा लवचिक. पाणी आटलं की चिखलात शिरायचं, झाकण लावायचं आणि कित्येक महिने पडून राहायचं. म्हणूनच 'तळं कोरडं केलं की संपलं' हा उपाय कागदावरच छान दिसतो.

वेगळेपणा दिसतो तो अंड्यांत. पायला ओलसर मातीत पांढुरकी अंडी घालते. पोमेशिया मात्र रात्रीच्या अंधारात पाण्याबाहेर चढते आणि गवताच्या काडीवर, पुलाच्या खांबावर, नाहीतर बोटीच्या कडेला आपला गुलाबी गोळा चिकटवून परत पाण्यात उतरते. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडून खाली पाण्यात टपटपतात. फुटायच्या सुमारास गुलाबी रंग फिका पडत पांढुरका होतो. तुम्हाला असा पांढरट गोळा दिसला, तर उशीर होत आलाय असं समजा.

माझ्या मनात पहिला प्रश्न हा आला, की एवढी भडक अंडी उघड्यावर ठेवायची हिंमत हिला होते कशी? पक्षी, मुंग्या, रॅकून यांच्यापासून ती वाचतात कशी? याचं उत्तर अर्जेंटिनात ला प्लाता इथल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. अंड्यातली गुलाबी प्रथिनं पचतच नाहीत. खाणाऱ्याच्या पोटातून ती जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडतात, म्हणजे खाऊनही पोषण शून्य. शिवाय त्यांत मज्जासंस्थेवर काम करणारं एक विषारी प्रथिनही असतं. हा गुलाबी रंग म्हणजे 'याच्या वाटेला जाऊ नका' अशी पाटीच. ती वाचून ही अंडी खाणारे प्राणी जगात अगदी थोडे उरतात.

लहानपणी आजी एखाद्या शांत, गरीब दिसणाऱ्या पण आतून डाव खेळणाऱ्या माणसाबद्दल म्हणायची, 'गोगलगाय आणि पोटात पाय.' शास्त्रज्ञ गोगलगायींच्या वर्गाला गॅस्ट्रोपॉड म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'पोट-पाय' असाच आहे. आजीला ग्रीक येत नव्हतं, पण म्हण मात्र या बाईला नेमकी लागू पडते.

खाण्यासाठी आणली, न खाता टाकली

ही गोगलगाय जगभर कशी पसरली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिची जुळी म्हणावी अशी बहीण, पोमेशिया कॅनालिक्युलाटा, १९७९-८०च्या सुमारास अर्जेंटिनाहून तैवानला नेली गेली. हेतू चांगलाच होता. घरच्या हौदात वाढवायची, प्रथिनं मिळतील, फ्रेंच हॉटेलांना विकली तर पैसे मिळतील. तिथून ती जपान, फिलिपिन्स, व्हिएतनाम अशी देशोदेशी गेली. मग लक्षात आलं, की लोकांना तिची चवच आवडत नाही. बाजार बसला. हौद कालव्यात रिकामे झाले, आणि कालव्याचं पाणी भाताच्या खाचरात जात होतं.

भाताची कोवळी रोपं म्हणजे हिचं पंचपक्वान्नांचं ताट. लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती पाण्याखाली रोपाचा बुडखाच कुरतडते. शेतकरी सकाळी बांधावर येतो, तेव्हा काल लावलेल्या जागी नुसतं पाणी चमकत असतं. जपानने १९८४ सालीच तिच्या आयातीवर बंदी घातली, पण तोवर ती पाटापाटांतून फिरत होती. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात २००९ साली आपली टेक्सासवाली मॅक्युलाटा सापडली. तिथे तिला मारण्यासाठी भातखाचरांत समुद्राचं खारं पाणी सोडण्यापर्यंत वेळ आली. अखेर २०१२ साली युरोपियन युनियनने पोमेशिया गोगलगायी आणण्यावर आणि पसरवण्यावर सरसकट बंदी घातली.

टेक्सासमधली तिची पहिली नोंद १९८९ची, ह्यूस्टन परिसरातलीच. २००० सालच्या सुमारास ती ह्यूस्टनच्या दक्षिणेला, भातशेतीला पाणी पुरवणाऱ्या कालव्यांत दिसू लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. सुदैवाने इथली भाताची रीत आशियापेक्षा वेगळी आहे. इथे लावणी नसते. कोरड्या जमिनीत बी पेरतात, रोपं वीतभर झाली की मगच पाणी भरतात. तोवर रोप एवढं निबर होतं, की गोगलगायीला त्यात फारसा रस उरत नाही. टेक्सासचा भात वाचला तो औषधामुळे नाही, पाणी कधी भरायचं या जुन्या सवयीमुळे. शेजारच्या लुइझियानात मात्र भाताबरोबर त्याच शेतात क्रॉफिश वाढवतात. २०१८च्या सुमारास तिथल्या क्रॉफिशच्या तळ्यांत ही शिरली, आणि सापळे क्रॉफिशऐवजी गोगलगायींनी भरून येऊ लागले. औषध टाकावं तर क्रॉफिशही मरतात.

माझी गोष्ट

आता तो कबुलीजबाब.

आमच्या लेकीकडे लहानपणी एक फिशटँक होता. मासे एकेक करून गेले, उरली ती एक पिवळसर गोगलगाय. दुकानातल्या पाटीवर 'मिस्टरी स्नेल' लिहिलं होतं, एवढंच मला आठवतं. २००९ साली लेक कॉलेजला निघाली. टँक कोण सांभाळणार? जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या तळ्यावर गेलो आणि टँकमधलं सगळं, पाणी, वनस्पती आणि गोगलगाय, हळूच तळ्यात सोडून दिलं. "आई, इथे ती जास्त सुखी राहील," लेक म्हणाली. मलाही एका जिवाला मोकळं केल्याचं समाधान वाटलं. पिंजऱ्यातला पोपट उडवून द्यावा तसं.

चार वर्षांनी त्याच तळ्याच्या कडेला मी पहिला गुलाबी गोळा पाहिला.

मग मी वाचायला लागले. दुकानात 'मिस्टरी स्नेल' म्हणून मिळणारी बहुतेक वेळा पोमेशिया डिफ्यूजा असते. ती लहान राहते, शेवाळ खाते, जिवंत झाडांना सहसा तोंड लावत नाही. टेक्सासच्या आणि केंद्राच्या नियमांतही तिला सूट आहे. आमची तीच असावी. पण पूर्वी त्याच नावाखाली भलत्याच जाती विकल्या गेल्या आहेत, हेही खरं. आणखी एक गोष्ट वाचली, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. या गोगलगायींत नर आणि मादी वेगळे असतात, पण मादी एकदा नराजवळ गेली, की त्याचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. म्हणजे तळं भरायला एकटी बाई पुरते.

आमचं तळं माझ्यामुळे भरलं की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पाऊस जोराचा झाला की बायूचं पाणी तळ्यात येतं, आणि २०१७च्या हार्वीच्या पुरात तर तळं, रस्ता आणि बायू सगळं एकच झालं होतं. कुठून कोण आलं ते पाण्यालाच ठाऊक. पण मी सोडलं होतं, ते सोडलंच होतं. म्हणून हे लिहिते आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांत मुलांचे फिशटँक आहेत, आणि आपल्याला जीव मारवत नाही. 'सोडून देऊ' हे आपल्याला पुण्य वाटतं. पण या बाबतीत सोडून देणं हे पुण्य नाही. टँक नकोसा झाला तर दुकानात परत द्या, शाळेला द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात, बायूत, गटारात काहीही ओतू नका. अगदी टँकमधली पाणवनस्पतीसुद्धा नको.

आईचा नकार

तळ्याकाठी दर शनिवारी अंडी खरवडायची असं आमच्या गल्लीत ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध आमच्याच घरातून आला. आई दरवर्षी एप्रिलमध्ये येते आणि दसऱ्याच्या आधी परत जाते. तिने मला हातमोजे आणि खरवडणी घेऊन निघताना पाहिलं.

"अंडी फोडायला निघालीस? तीही सकाळी सकाळी, देवाला फूल वाहायच्या आधी?"

मी तिला प्रथिनं, भातशेती, स्पेन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते तुमचं सायन्स. त्या बिचारीनं तुझं काय खाल्लं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या तळ्यात भात नाही. मी एकटीच गेले.

हे झालं २०२२च्या मे महिन्यात. जुलैत लातूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याची सोयाबीन औसा तालुक्यात. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबाद या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी कहर केला होता, तुमच्यापैकी अनेकांना बातम्या आठवत असतील. ती गोगलगाय वेगळी. आफ्रिकेतून आलेली, जमिनीवरची, नर-मादी एकाच अंगात असलेली. पण कथा तीच. परकी, खादाड आणि रात्री फिरणारी.

"ताई, काय सांगू," तो म्हणाला, "संध्याकाळी बघितलं तर दोन-दोन पानांवर आलेलं रान. सकाळी नुसत्या काड्या. दुबार पेरली, ती बी खाल्ली. आता बियाणाला पैसा न्हाई."

गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाकायच्या, असं तो रोज करत होता. बांधाला चुन्याची रेघ ओढली, ती पावसानं धुवून नेली. औषधाच्या गोळ्या टाकायच्या तर कोंबड्या-कुत्र्यांची भीती. घरातली सगळी माणसं, अगदी शाळेतली पोरंसुद्धा घमेली घेऊन शेतात होती.

फोन स्पीकरवर होता. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती काही बोलली नाही. शनिवारी सकाळी मी निघाले, तर दाराशी आई उभी. डोक्याला पदर, पायात माझ्या नवऱ्याचे जुने बूट.

"आमचे बाबा म्हणायचे," चालता चालता ती म्हणाली, "पिकाच्या आड येईल ते वेचायचं. वेचताना शिव्या द्यायच्या नाहीत आणि मजाही घ्यायची नाही." तिने त्या दिवशी एकही गोळा फोडला नाही. पण कुठे कुठे आहेत ते काठीने दाखवत गेली. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली निघाली. गवताच्या आतले सगळे गोळे तिनेच हुडकले.

शेजारच्या आजोबांची बांबूची काठी

आमच्या शनिवारच्या मंडळात एक व्हिएतनामी आजोबा आहेत. त्यांचे भाऊबंद मेकाँगच्या खोऱ्यात भात करतात. पहिल्याच दिवशी शंख हातात घेऊन ते म्हणाले, "ओक बुऊ वांग!" म्हणजे पिवळी गोगलगाय. तिकडे लहान पोरालाही हा शब्द माहीत आहे. तिकडचे शेतकरी काय काय करतात, हे त्यांनी हातवारे करत मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी नंतर वाचून ताडून पाहिलं, ते सगळं बरोबर होतं.

रोपं जरा मोठी होऊ देऊन मग लावायची. लावणीनंतर काही दिवस पाणी अगदी बोटभर ठेवायचं, कारण पुरेसं पाणी नसेल तर गोगलगायीला फिरता येत नाही आणि खाताही येत नाही. पाटाच्या तोंडाला जाळी लावायची. कडेने पपईची नाहीतर अळूची पानं टाकायची. त्यावर त्या गोळा होतात, मग वेचायच्या. लावणीपूर्वी आणि कापणीनंतर शेतात बदकं सोडायची, ती छोट्या गोगलगायी टिपतात. आणि शेतात जागोजागी बांबूच्या काठ्या रोवायच्या. अंडी घालायला उंच जागा शोधत मादी त्याच काठीवर चढते, आणि शेतकरी एका फेरीत सगळ्या काठ्या साफ करतो.

ही शेवटची युक्ती आम्ही तळ्यावर करून पाहिली. परवानगी काढून उथळ कडेला वीस काठ्या रोवल्या. आठवड्यात त्यांच्यावर गुलाबी गोळे आले. गवतात वाकून शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

रहिवाशांच्या बैठकीत 'औषध टाकून एकदाच निकाल लावा' अशीही मागणी झाली. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, गोगलगायी मारतो हे खरं. पण तो माशांनाही मारतो, तळाच्या गाळात साठून राहतो, आणि पाण्याबाहेरच्या अंड्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. मोठ्या गोगलगायी झाकण लावून बराच काळ टिकाव धरतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना फार घातक, आणि आमच्या तळ्याकाठी सकाळी माणसांपेक्षा कुत्री जास्त असतात. तेव्हा खरवडणी, काठ्या आणि शनिवार हेच ठरलं.

अळूवाल्यांसाठी खास

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. या गोगलगायींना अळू फार आवडतं. हवाई बेटांवर अळूला 'कालो' म्हणतात. तिथल्या लोकांचं ते मूळ अन्न, जवळजवळ दैवतच. १९८९च्या सुमारास तिथे पोमेशिया पोहोचली आणि अळूच्या खाचरांची दैना झाली. इथे ह्यूस्टनला बायूकाठी जे रानटी अळू माजलेलं दिसतं, तेही परकंच, बाहेरून आलेलं. ते पाहून 'चला, अळूवड्या करू' असा मोह अनेकींना होतो, मलाही झाला आहे. कृपा करून बायूकाठचं अळू आणू नका आणि आपलं परसातलं अळू बायूकाठी लावू नका.

यामागे आरोग्याचंही कारण आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणारी एक जंतासारखी कृमी आहे. तिची पिल्लं गोगलगायींच्या अंगात वाढतात. माणसाने कच्ची किंवा अर्धी शिजलेली गोगलगाय खाल्ली, किंवा इवलीशी गोगलगाय पानाबरोबर नकळत पोटात गेली, तर ही पिल्लं मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. २००६ साली बीजिंगमध्ये अर्धकच्च्या ॲपल स्नेल खाऊन दीडशेहून अधिक लोक आजारी पडले होते. लुइझियानात पकडलेल्या पोमेशियांतही ही कृमी सापडली आहे. आपण गोगलगायी खात नाही, पण परसातली कोथिंबीर आणि लेट्यूस कच्चं खातो. प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली उलटसुलट करून धुवा. शिजवलेल्या अळूवडीला भीती नाही.

तुमच्या तळ्यासाठी थोडक्यात

गुलाबी गोळा दिसला तर हातमोजे घालून खरवडा आणि पिशवीत दाबून चिरडा. उघड्या हाताने नको. मोठी गोगलगाय सापडली, तर दुहेरी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. फ्रीझरमध्ये ठेवायची नसेल तर जागच्या जागी ठेचा. मुलांच्या 'शो अँड टेल'साठी ती जिवंत घरी आणू नका. टेक्सासमध्ये ती परवान्याशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. एका तळ्यावरून दुसरीकडे जाताना कायाक, बूट आणि मासे पकडायची बादली कोरडी करा. काम झालं की हात साबणाने धुवा. तळं कोणाच्या ताब्यात आहे ते विचारून घ्या, परवानगीवाचून काठीसुद्धा रोवू नका.

आणि गोळा पांढरा असला तर? फ्लोरिडात मूळची एक ॲपल स्नेल आहे. तिची अंडी पांढरी, वाटाण्यासारखी आणि मोजकी असतात. फ्लोरिडाला फिरायला गेलात, तर तिला हात लावू नका. तिच्यावर तिथली स्नेल काइट ही घार जगते. १९९९च्या सुमारास साडेतीन हजारांच्या घरात असलेले हे पक्षी २००७पर्यंत सातशेच्या आसपास आले होते. त्याच काळात आपली मॅक्युलाटाही तिथे पसरत होती. सगळ्यांना वाटलं, आता हे संपले, कारण एवढा मोठा शंख त्यांच्या चोचीत मावेना. पण थोड्याच पिढ्यांत त्यांच्या चोची मोठ्या झाल्या, आणि संख्या पुन्हा वाढू लागली. मोजमाप घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे २०१७ साली छापलं. याचा अर्थ गोगलगाय चांगली आहे असा नाही. ती पाणवनस्पतींचा फडशा पाडते आणि तळ्याचं पाणी हिरवं, गढूळ करून सोडते. पण निसर्ग हात बांधून बसलेला नसतो, एवढं त्यातून दिसतं.

असंच आपल्याकडेही घडतंय. लिम्पकिन नावाचा पाणपक्षी टेक्सासमध्ये पूर्वी कधीच नोंदलेला नव्हता. २०२१ साली तो ब्रेझोस बेंड स्टेट पार्कमध्ये आला, या गोगलगायींच्या मागावर. रडल्यासारखी कर्कश हाक, लांब चोच, आणि शंखातून मांस काढण्याचं अजब कसब. आपल्याकडच्या धरणांवर मुग्धबलाक, तो उघड्या चोचीचा करकोचा, पायला फोडताना पाहिला असेल, तर हा त्याचाच इकडचा समव्यवसायी.

यंदा सप्टेंबरमध्ये, परत जायच्या आठवडाभर आधी, आई पहाटे तळ्यावरून आली ती घाईघाईने. "अगं, तिकडे कोणीतरी रडतंय!" मी पळत गेले. कडेच्या गवतात तपकिरी, ठिपकेदार पक्षी उभा होता. पायाशी रिकाम्या शंखांचा छोटा ढीग. आम्ही दोघी बराच वेळ गप्प उभ्या राहिलो.

आमची पहिली शनिवारची मोजणी शंभरावर गेली होती. या ऑक्टोबरमध्ये एका फेरीत वीसेक गोळे सापडले. संपलेलं काही नाही, आणि मोठा पाऊस झाला की पुन्हा वाढतीलच. मामेभावाकडेही तेच. पेरणीच्या दिवसांत तो आता आधीच गोणपाटं काढून ठेवतो. परवा त्याला आमच्या बांबूच्या काठ्यांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ताई, तुमच्याकडं बी वेचायचंच का!"

होय रे बाबा, इकडेही वेचायचंच.

फराळ झाला, पाहुणे गेले, की एका शनिवारी सकाळी मुलांना घेऊन आपापल्या तळ्यावर एक चक्कर मारा. थंडी पडली की अंडी घालणं थांबतं, पण तोवर उबदार दिवसांत एखादा गोळा सापडेलच. गुलाबी रंग पुढच्या वर्षी रांगोळीतच दिसो. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!